चौकोन क्रमांक सतरा

सरकारी अर्जात रिकाम्या जागेशेजारी एक नमुना छापलेला असतो. ‘उदा.’ असं लिहून पुढे तिरक्या अक्षरांत. हा नमुना जो माणूस जसाच्या तसा उतरवून काढतो, त्याचा अर्ज कधीही परत येत नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या अर्ज छाननी विभागात तीस वर्षं खुर्ची झिजवून मी जे काही ज्ञान मिळवलं, ते एवढंच. आजवर मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांनाच कळलं असतं तर आम्ही छाननी कशाची करायची? पण पठाराच्या प्रकरणात हेच ज्ञान माझ्या अंगाशी आलं, तेव्हा आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रकरण सुरू झालं हिच्या उजव्या गुडघ्यापासून. सहा महिने आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे खेपा घालत होतो. डॉक्टर एक्स-रेकडे बघायचे, मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो, आणि ही डॉक्टरांच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. कॅलेंडरवर एका पठाराचा फोटो होता. पार कड्यापर्यंत निळी फुलं, आणि कड्यापलीकडे नुसतं आभाळ. कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं होतं, पण ते काढावं असं दवाखान्यात कोणाला वाटलेलं नव्हतं. शेवटी एक दिवस डॉक्टर म्हणाले, “वाटी बदलावी लागणार. पुढच्या महिन्यातली वीस तारीख देतो. काही शंका असेल तर आत्ताच विचारा.”

“हे कुठे आहे?” हिने विचारलं.

डॉक्टरांनी आधी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, मग मागे वळून भिंतीकडे. “हे होय? ते संरक्षित पठार. गाडीने चार तास. वर्षातून पंधरा दिवस फुलतं म्हणे. पण ते आता डोक्यातून काढा. ऑपरेशननंतर चढउतार बंद. सपाटीवर चाला, तेही जपून.”

आमची ही स्वेटर विणते. घरात विणते, बसमध्ये विणते, नातेवाइकांची भांडणं रंगात आलेली असताना मधोमध बसून विणते. टाके मोजता मोजता ती बोलू शकते, ऐकू शकते आणि मला टोकूही शकते. मोजणी एका टाक्याने चुकत नाही. पण त्या दिवशी येताना बसमध्ये सुया पिशवीतच राहिल्या. तीन स्टॉप ती खिडकीबाहेर बघत होती. चौथ्या स्टॉपला म्हणाली, “अहो, वीस तारखेच्या आधी एकदा ते बघायचंय मला.”

बत्तीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे तीन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली मी दिली. दुसरीचं बघतो आहे. तिसरी ही. मी बसमधल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “त्यात काय एवढं? एक अर्ज करायचा!”

पठारावर जायला परवाना लागतो आणि प्रवाशांचे परवाने दीड महिना आधीच संपलेले असतात, ही बातमी मला आमच्या जिन्यात मिळाली. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे मॅनेजर म्हणतात. जगातल्या प्रत्येक कामाला एक पुढचं दार असतं आणि एक मागचं, आणि मागचं कुठे आहे ते फक्त आपल्याला माहीत, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

“प्रवासी म्हणून कोण जातं हो?” ते म्हणाले. “अभ्यास गट म्हणून जायचं! त्याला मर्यादा नाही, रांग नाही. चार माणसं आणि एका संस्थेचं पत्र. झालं काम.”

“पण आपला कसला अभ्यास?”

“तो तिथे गेल्यावर करायचा. घरी बसून अभ्यास झाला असता तर परवाना कशाला लागला असता?”

पण माझं मन खात होतं. तीस वर्षांत मी एकही खोटा अर्ज पुढे जाऊ दिलेला नाही. सख्ख्या मोठ्या भावाचा नळजोडणीचा अर्ज मी सही चौकटीबाहेर गेली म्हणून परत केला होता. तो अजून माझ्याशी बोलतो, पण फक्त पाण्याबद्दल. अशा माणसाने आता खोटा अभ्यास गट काढायचा? दोन दिवस मी तळमळलो. तिसऱ्या दिवशी मार्ग सापडला: आपण खरोखरच अभ्यास करायचा. मग अर्ज खोटा राहत नाही. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “करा की. मी फुलं बघेन, तुम्ही अभ्यास करा.”

संस्था म्हणून आमची सोसायटीच होती. सेक्रेटरी म्हणाले, पत्र आत्ता देतो, फक्त सभेची मंजुरी लागेल. सभा जिन्याखाली सायकलींच्या जागेत भरली. ‘निसर्ग अभ्यास मंडळ स्थापन करणे’ हा एकच विषय होता, पण त्याला फाटे फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, मंडळ म्हटलं की नियमावली आली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “निसर्गाचा एवढा पुळका आहे तर गच्चीवरच्या टाकीत शेवाळं झालंय, त्याचा अभ्यास करा आधी. चार तास गाडीने कशाला जायला हवं?” टाळ्या पडल्या. चौथा सदस्य म्हणून मी मेहुण्याचं नाव सुचवलं, कारण गाडी त्याची होती. तो सोसायटीत राहत नाही, यावर पाऊण तास गेला. अखेर त्याला ‘निमंत्रित सदस्य’ करण्यात आलं, आणि परत आल्यावर मंडळाने शेवाळ्याची पाहणी करावी या अटीवर ठराव संमत झाला. ही सगळी चर्चा चालू असताना हिचा एका बाहीचा अर्धा भाग विणून झाला.

मग अर्ज आणला. ‘अभ्यासाचा विषय’ हा रकाना सोडला तर अर्ज सोपा होता. त्या रकान्यासाठी मॅनेजरांनी ‘पठारे आणि देशाचा विकास’ हा विषय सुचवला. मेहुण्याने फोनवरून ‘बिबट्या’ एवढंच सांगितलं. मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं, कारण रकान्याशेजारीच छापलेलं होतं: उदा. एक चौरस मीटर चौकोनातील लहान वनस्पतींची मोजणी. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. एकही चूक नव्हती. समाधानाने मी खाली सही ठोकली आणि टेबलावर वजनाखाली ठेवून झोपलो.

वनखात्याच्या कार्यालयात खिडकी क्रमांक दोनवर एक बाई बसतात. माझ्यासारखंच लाल पेन, माझ्यासारखाच चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. त्यांनी अर्जावरून पेन फिरवत नेलं, आणि ते तळाशी थांबलं.

“ही सही कोणाची?”

“माझी.”

“तुम्ही आमच्या कार्यालयात आहात?”

“नाही.”

“मग ‘कार्यालयीन वापरासाठी’ या चौकटीत ‘छाननी केली, त्रुटी नाही’ असं लिहून तुम्ही सही का केली आहे?”

मी वाकून पाहिलं. अक्षर माझंच होतं. सहीखाली मी तारीखसुद्धा घातली होती. तीस वर्षांची सवय. हाताने आपलं काम केलं होतं आणि मला विचारलंही नव्हतं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. “नवीन अर्ज भरा. त्रुटी पूर्तता करून उद्या या,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी आजवर हजारो वेळा म्हटलं असेन. खिडकीच्या या बाजूला ते इतकं मोठ्याने ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या शिक्क्याचं वर्तुळ एका बाजूला उमटलं नाही म्हणून परत आलो. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बाई जेवायला गेल्या होत्या, आणि त्या जेवून आल्या तेव्हा मी जेवायला गेलो होतो. चौथ्या दिवशी परवाना मिळाला. तारीख चौदा. घरी येऊन मी तो हिच्या हातात दिला. तिने पुढून वाचला, मागून वाचला, आणि जपून पर्समध्ये ठेवला.

निघायच्या आधी दोन दिवस जिन्यात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडत होता. वकिलांनी वाटेत कशावरही सही करू नका म्हणून बजावलं. काकूंनी शेवाळ्याचा नमुना भरून आणायला म्हणून एक बरणी दिली. ती रिकामी का न्यायची, नमुना तर गच्चीवर आहे, असं मी म्हणणार होतो, पण काकूंशी कोण बोलणार?

चौदाला पहाटे मेहुणा गाडी घेऊन आला. माझा मेहुणा कुठल्याही गोष्टीची सुरुवात सामानापासून करतो. त्याच्याकडे दुर्बीण होती, होकायंत्र बसवलेली काठी होती, जाळीची टोपी होती, आणि बारा डोंगर चढलेले बूट होते. बूट बारा डोंगर चढले आहेत हे त्याने आम्हाला चार तासांत बारा वेळा सांगितलं. मॅनेजर पुढे बसून त्याला प्रत्येक वळणावर जवळचा रस्ता सांगत होते. त्यातल्या एका जवळच्या रस्त्याने आम्ही एका खाणीत गेलो. चार तासांचे सहा झाले. हिचा गुडघा आखडला होता, ते तिच्या पाय चोळण्यावरून मला दिसत होतं, पण विचारलं की ती “काही नाही” म्हणायची.

पठाराच्या फाटकाशी एक वनरक्षक उभा होता. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा. समोर पाण्याची डोणी आणि ब्रश. बाहेरचं बी-बियाणं आत जाऊ नये म्हणून प्रत्येकाने बुटांचे तळवे घासून धुवायचे असा नियम होता. आमचे तिघांचे बूट दोन मिनिटांत झाले. मेहुण्याच्या बुटांतून मात्र बाराही डोंगर बाहेर यायला लागले, आणि वनरक्षक टोकदार काडीने एकेक डोंगर कोरून काढत राहिला. तेवढ्यात प्लास्टिकबंदीमुळे मॅनेजरांच्या बिस्किटांचे पुडे जप्त झाले. बिस्किटं आत न्यायला मनाई नव्हती, म्हणून त्यांनी ती सुटी करून कोटाच्या खिशांत भरली.

मग मी परवाना पुढे केला. वनरक्षकाने तो वाचला. पुन्हा वाचला. मग सरळ उभं राहून त्याने मला सलाम ठोकला.

“अभ्यास गट! साहेब, तीन वर्षांत पहिला. लोक येतात, फोटो काढतात, जातात. मोजायला म्हणून कोणी येत नाही. दर वर्षी वरून विचारणा होते, सतराचे आकडे कुठे आहेत? मी काय सांगू?” असं म्हणत तो चौकीत धावला आणि एक पांढरी लाकडी चौकट, दोरी बांधलेली पेन्सिल, छापील तक्ता आणि बसायला एक स्टूल घेऊन आला. “चला. चौकोन क्रमांक सतरा. इथून सपाट तीनशे पावलं.”

“आणि कडा?” मी विचारलं. “फोटोतला?”

“तो साडेचार किलोमीटर पुढे. पण कडा प्रवाशांना. अभ्यास गटाने नेमलेला चौकोन सोडून जायचं नाही. चार तास बसून मोजणी करायची आणि परत यायचं. नियम नऊ. परवान्याच्या मागे आहे.”

परवान्याच्या मागे! तळाला बारीक अक्षरात छापलेलं होतं, ‘मागे पाहावे’. मागे न पाहिल्याबद्दल मी माझ्या कारकिर्दीत किती माणसं परत पाठवली असतील, त्याचा हिशोब नाही. मी वनरक्षकाशी वाद घातला. म्हटलं, आमचा उद्देश व्यापक आहे. म्हटलं, अभ्यासात कडाही येतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्जाची प्रत माझ्यापुढे धरली.

“साहेब, एक चौरस मीटर असं तुम्हीच लिहिलंय. अक्षर किती सुरेख आहे!”

सहा दिवसांनी हिचं ऑपरेशन. त्यानंतर डोंगर बंद. सहा तास गाडीत आखडून ती इथवर आली होती आणि मी तिला काय दाखवत होतो? दोन हात गवत. तेही माझ्याच सुवाच्य अक्षरामुळे. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. बघितलं तेव्हा ती तीनशे पावलं चालून स्टुलावर बसलेली होती आणि पदराने चष्मा पुसत होती.

“आम्ही जरा पाय मोकळे करून येतो,” असं म्हणून मॅनेजर आणि मेहुणा चालू पडले. वनरक्षक चौकट लावण्यात गुंतला होता. मागच्या दाराचा माणूस आणि बारा डोंगरांचा माणूस एकत्र आले की ते कुठे जाणार हे मला कळलं होतं, पण त्यांना अडवण्याइतका मी स्वतःच ताठ उभा नव्हतो.

मोजणी अर्थातच मी सुरू केली. मंडळाचा अध्यक्ष मी होतो. गुडघे टेकून त्रेसष्टपर्यंत आलो आणि शिंक आली. पुन्हा सुरुवात केली. पन्नासला एक मुंगी हातावर चढली. तिसऱ्यांदा मी मोजलेलीच फुलं पुन्हा मोजतो आहे असा मला संशय आला, आणि तो खरा होता.

“सरका बाजूला,” ही म्हणाली. “तुमची सावली पडतेय.”

तिने पिशवीतून पांढऱ्या लोकरीचा गुंडा काढला. चौकटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत धागे ताणले, मग आडवे ताणले. बघता बघता चौकटीत दहा ओळी आणि दहा घरं तयार झाली. वनरक्षक उकिडवा बसून बघत राहिला. प्लास्टिक नाही याची त्याने बोट लावून खात्री करून घेतली.

“लिहा,” ही मला म्हणाली. “पहिली ओळ. निळं, बारकं, एक्केचाळीस. पांढरं, केसासारख्या देठाचं, नऊ. हे तांबडं, चिकट, हे काय हो?”

“ते किडे खातं, मॅडम,” वनरक्षक म्हणाला.

“अगंबाई! हे? एवढंसं?” ती स्टुलावरून इतकी वाकली की मी तिचं स्टूल धरून ठेवलं. एक चिलट त्या तांबड्या पानावर अडकलेलं होतं आणि पान अगदी सावकाश मिटत होतं. आम्ही तिघंही वाकून ते बघत होतो. नंतर ती म्हणाली, “सव्वीस. लिहा.”

मी लिहीत गेलो. तिसऱ्या ओळीत माझ्यातला छाननी अधिकारी जागा झाला. तिने चौदा सांगितली होती, मी तपासून बघितलं तर तेरा भरली. मी खाकरून तसं सांगितलं.

“पानाखाली बघा.”

पानाखाली चौदावं होतं. त्यानंतर मी काही तपासलं नाही.

सहाव्या ओळीपाशी ती थांबली. पाठ ताणून म्हणाली, “डॉक्टरांच्या फोटोत सगळं एकच निळं दिसतं. इथे बघा तरी. हे वेगळं, हे वेगळं, आणि हे तर जांभळंच. सहा झाली आत्तापर्यंत.” आणि ती माझ्याकडे बघून हसली. आता मला राहवेना.

“अगं, माझं चुकलं,” मी म्हटलं. “नमुना बघून लिहिलं मी. मागची बाजू वाचलीच नाही. तुला कडा दाखवायचा होता, आणि इथे आणून बसवलं.”

“मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“परवाना मी वाचला होता ना. मागून पण.” तिची नजर सातव्या ओळीवर होती. “साडेचार किलोमीटर जायचे आणि साडेचार यायचे. हा गुडघा चालला असता का? फोटो बघून हट्ट केला खरा, पण मग रोज धास्ती वाटायची, एवढी खटपट करताय आणि मी अर्ध्या वाटेत बसले तर? नियम नऊ वाचला आणि हायसं वाटलं मला. म्हणून गप्प बसले. निळं, पंचवीस. लिहा.”

मी लिहिलं. मग सावली पडू नये म्हणून जरा बाजूला सरकलो.

दुपारी धुकं उतरलं. कड्याकडे गेलेले प्रवासी कपडे झटकत परतू लागले. त्यांच्यातला एक जण म्हणाला, कड्यावर गेलो पण स्वतःचे बूट दिसत नव्हते. थोड्या वेळाने धुक्यातून “वाचवा” असा आवाज आला. आवाजात बँकेतला अधिकार होता. वनरक्षक शिट्टी फुंकत गेला आणि दहा मिनिटांत दोघांना घेऊन आला. ते कड्याकडे गेलेच नव्हते. होकायंत्राच्या काठीवर विश्वास ठेवून ते तासभर चौकीच्याच भोवती फिरत होते, आणि दर फेरीला मॅनेजर म्हणत होते की ही दुसरी चौकी आहे. दोघांना जागेवरच लेखी खुलासा द्यावा लागला. मॅनेजरांनी ‘अभ्यासाच्या ओघात’ असं लिहिलं. मेहुण्याने त्याखाली ‘सहमत’ लिहून सही केली. खिशातल्या बिस्किटांचा एव्हाना भुगा झाला होता, आणि तो खाली सांडू नये म्हणून मॅनेजर घरी पोहोचेपर्यंत गाडीत दोन्ही हात खिशांवर धरून बसले.

चार वाजता दहावी ओळ झाली. अकरा प्रकारचं निळं भरलं. हिने लोकर गुंडाळून घेतली. वनरक्षकाने तक्ता दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, “ताई, सतराचं एवढं स्वच्छ काम मी अजून बघितलं नव्हतं.” तक्त्यावर सही मी केली. अध्यक्ष मी होतो, हे मी आधी सांगितलंच आहे.

वीस तारखेला ऑपरेशन झालं. दोन तास मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. भिंतीवर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सूचना होत्या, त्या मी पुढून वाचल्या आणि कोणी बघत नाही असं पाहून पाटी उलटून मागूनही वाचल्या. मागे काही नव्हतं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं. मी त्यांना धन्यवाद म्हणालो की नाही, ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर पहिले दिवस अवघड गेले. आधाराची चौकट धरून पाच पावलं टाकली की तिच्या कपाळावर घाम यायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, अजून दोन. ही म्हणायची, उद्या. एकदा तिने सुयाही बाजूला ठेवून दिल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझा धीर सुटत चालला. काकू समाचाराला येऊन शेवाळ्याच्या अहवालाची आठवण करून गेल्या.

आणि मग वनखात्याचं पत्र आलं. पाकिटावरचा शिक्का बघूनच मी ओळखलं की काहीतरी परत आलं आहे. तक्ता परत आला होता. लाल पेनाने गोल काढलेला होता, माझ्याच सहीभोवती. ‘मोजणी करणाऱ्या व्यक्तीची सही आवश्यक. वनरक्षकांच्या नोंदीनुसार मोजणी सौ. मॅडम यांनी केली, साहेब लिहीत होते. त्रुटी पूर्तता करावी.’ खाली आणखी एक परिच्छेद होता. चौकोन क्रमांक सतराची मोजणी दर वर्षी त्याच व्यक्तीने केल्यास आकड्यांची तुलना करता येईल. तरी सदर मॅडम पुढील हंगामात उपलब्ध आहेत का, ते कळवावे. सोबत एक मदतनीस आणता येईल. मदतनिसाचा अर्ज जोडला आहे.

मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने भिंतीकडून तोंड फिरवलं.

“फाटकापासून किती पावलं होती?”

“तीनशे. सपाट.”

“चौकट द्या इकडे,” ती म्हणाली. त्या दिवशी ती नऊ पावलं चालली. आता ती घरात टाके मोजत नाही, पावलं मोजते. काल गॅलरीपर्यंत जाऊन परत आली. एकशे बारा.

मदतनिसाचा अर्ज मीच भरायला घेतला. नाव, वय, पत्ता झालं. ‘अनुभव’ या रकान्यात ‘उदा. वनस्पती ओळखता येतात’ असं छापलेलं होतं, ते मी उतरवून काढलं. तिने चष्मा लावला, अर्ज हातात घेतला आणि विचारलं, “येतात का?”

“नाही.”

तिने ते खोडलं. पुढचा रकाना होता: ‘मदतनीस का हवा?’ तो मी रिकामा सोडला होता, कारण त्याला नमुना छापलेला नव्हता. दोन दिवस मी त्यावर विचार केला होता. मला काही सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर लिहायची भीती वाटत होती. तिने पेन घेतलं आणि अजिबात न थांबता लिहिलं: ‘आकडे लिहितात. मोजता येत नाही. वाद घालतात. पण सोबत तेच हवेत.’

मी अर्ज वाचला. रकान्यात खाडाखोड होती, भाषा कार्यालयीन नव्हती, आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर गेली होती. माझ्या टेबलावर आला असता तर तीन त्रुटी काढून परत केला असता. मी पेन उघडलं, तळाच्या चौकटीत ‘छाननी केली, त्रुटी नाही’ असं लिहिलं आणि सही ठोकली. या वेळी सवयीने नव्हे. खिडकी क्रमांक दोनच्या बाई तो परत करतील, उद्या या म्हणतील. जाईन की उद्या.